कधी चालू होते, कधी नाही: गाडीतला लपणारा बिघाड पकडायचा कसा?

आजचा विषय गाडीचा आहे. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही थांबा, कारण घरात कुणाची तरी असतेच, आणि ती अडली की फोन आपल्यालाच येतो. "तू इंजिनिअर ना?" आता मी कॉम्प्युटरचा बीटेक, पण हे घरच्यांना कोण सांगणार!

तर प्रश्न असा. गाडी रोज नीट चालू होते. मग एखाद्या दिवशी चावी फिरवली की काहीच नाही. दहा-पंधरा मिनिटांनी परत फिरवली, की जणू काही घडलंच नव्हतं अशा थाटात सुरू. गॅरेजला नेली तर तिथे पन्नास वेळा चालू होते. मिस्त्री म्हणतो, गाडी ओके आहे, घेऊन जा. पूर्ण बंद पडलेली गाडी त्यामानाने परवडली. ही मधूनच रुसणारी गाडी खिसा रिकामा करते, कारण बिघाड दिसत नसला की लोक अंदाजाने पार्ट बदलायला लागतात.

आमच्या घरचंच उदाहरण देतो. आई-बाबा कोरेगावच्या पुढे एका गावात राहतात. आजीचं डायलिसिस साताऱ्याला, आठवड्यातून दोनदा. गाडी दहा वर्षं जुनी, पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअरची. परत येताना बाबा कोरेगावात मेडिकलपाशी थांबतात, औषधं घेतात, आणि नेमकी तिथेच गाडी अडते. डायलिसिसनंतर आजीच्या अंगात बसायचंही त्राण नसतं. एप्रिलचं ऊन, बंद गाडी, एसी नाही, आणि मागच्या सीटवर ती डोळे मिटून पडलेली. बाबांनी मला फोन लावला की तेवढ्यात गाडी चालू. "आत्ता झाली बघ! तुझा आवाज ऐकला की बरी चालते," हे तीनदा झालं.

गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. दोन आठवडे बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता म्हणाला, सेल्फच बदलून टाकू, नऊ हजार. इथे मी म्हटलं, बाबा, थांबा जरा.

आमच्या कामात असे बग रोज असतात. टेस्ट दहादा पास होते, अकराव्यांदा फेल. अशा वेळी कोड बदलत सुटायचं नाही. आधी तो कोणत्या परिस्थितीत फेल होतो ते शोधायचं. गाडीलाही अगदी हेच लागू आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कान. "गाडी चालू होत नाही" या एका वाक्यात वेगवेगळे आजार असतात. सेल्फ जोरात फिरतोय, घर्रर्र घर्रर्र होतंय पण इंजिन पकडत नाही, म्हणजे बॅटरी आणि सेल्फ सहसा ठीक. मग बघायचं पेट्रोल येतंय का, स्पार्क पडतोय का, डॅशबोर्डवर इमोबिलायझरचा चावीचा दिवा लुकलुकतोय का. चावी ऑन केल्यावर बऱ्याच गाड्यांत मागून दोनेक सेकंद फ्युएल पंपाचा बारीक गुणगुण आवाज येतो, तो ऐका. गरम झाल्यावर दगा देणारा आणि गार झाल्यावर शहाणा होणारा क्रँक सेन्सर हाही याच गटातला. सेल्फ फिरतोय पण रडत रडत, तर बॅटरी, तिचे टर्मिनल, जाड केबल किंवा अर्थिंग. आणि सेल्फ फिरतच नाही, नुसतं "टक्" होतं किंवा तेही नाही, तर हा तिसराच रस्ता: चावीपासून सेल्फपर्यंतचं वायरिंग, रिले, क्लचखालचा स्विच, नाहीतर सेल्फ स्वतः. ऑटोमॅटिक गाडी असेल तर लिव्हर पी वरून एन वर घेऊन बघा. चालू झाली तर गिअरच्या स्विचवर संशय घ्या.

धक्का मारणं हीसुद्धा एक टेस्ट आहे बरं का. मॅन्युअल गाडी धक्क्याने लगेच पकडते, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क जागेवर आहेत, भानगड सेल्फच्या बाजूला. बाबांची पकडायची. मेडिकलपाशी चार पोरं नेहमी उभी असतात, त्यांना आता सवय झाली होती.

दुसरी गोष्ट, नोंद. बाबांना सांगितलं, प्रत्येक वेळी गाडी चालू केलीत की मला व्हॉइस नोट पाठवा. झाली तरी पाठवा. हे महत्त्वाचं आहे, कारण नुसते फेल लिहिले तर पॅटर्न दिसत नाही. किती चालवली, किती वेळ उभी होती, काय आवाज आला, आणि चावी फिरवताना डॅशबोर्डचे दिवे मंद झाले का. ही शेवटची खूण फार कामाची. दिवे एकदम मंद झाले तर सेल्फ करंट ओढतोय किंवा बॅटरीकडून वीजच नीट येत नाही. दिवे तसेच लख्ख राहिले आणि सेल्फ गप्प, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाहीये.

तीन आठवड्यांत १९ नोंदी झाल्या, त्यात ५ फेल. पाचही वेळा दिवे लख्ख, समोरून एक बारीक "टक्", बस. सकाळी एकदाही नाही. पाचही वेळा गाडी अर्धा तास चालून आलेली आणि दहा ते तीस मिनिटं उभी. अशी गरम, थोडा वेळ उभी राहिलेली गाडी एकूण ८ वेळा चालू केली होती, त्यातल्या ५ वेळा अडली.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ती गोष्ट आठवली असेल: अमेरिकेतला एक माणूस व्हॅनिला आइस्क्रीम घेतलं की गाडी चालू होत नाही अशी तक्रार करतो, आणि शेवटी कळतं की व्हॅनिला पटकन मिळायचं, म्हणून गाडी कमी वेळ उभी असायची. ती दंतकथाच समजा, पण त्यातलं शास्त्र खोटं नाही. इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, समोरचा वारा थांबतो, आणि बॉनेटखालचे पार्ट काही वेळ आणखी तापतात. गॅरेजमध्ये गाडी तासन् तास उभी, बॉनेट उघडं, सगळं गार. तिथे ती अडणारच नव्हती.

आता गरम झाल्याने काय होतं? सेल्फवर एक सोलेनॉइड असतो, तांब्याच्या तारेची गुंडाळी. चावी फिरवली की तो खाडकन आत ओढला जातो आणि मोटरला मोठा करंट देतो. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो. ६० डिग्री जास्त तापला तर जवळपास पावपट वाढ. म्हणजे त्याच व्होल्टेजवर करंट कमी, ओढ कमी. वायरिंग चांगलं असेल तर तरीही निभावतं. वाटेत कुठे खराब जोड असेल तर गार असताना कसंबसं जमतं, गरम असताना नाही. नव्या बॅटरीने दोन आठवडे बरं का वाटलं याचाही माझा अंदाज तोच: थोडं जास्त व्होल्टेज मिळालं आणि तेवढ्यावर गाडी निभावली.

शनिवारी गावी गेलो. गाडीचं वायरिंग करणाऱ्या एका काकांना सोबत घेतलं. सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवरून फ्यूज लावलेली एक लांब वायर त्यांनी केबिनमध्ये आणली आणि ती मल्टिमीटरला जोडली. वायर फॅनपासून, बेल्टपासून आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब बांधली. तुम्ही असं काही करणार असाल तर गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, हातातली अंगठी काढून. आणि स्क्रू-ड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करून चालू करण्याचे व्हिडिओ बघत असाल तर ते बघण्यापुरतेच ठेवा.

मग २५ किलोमीटर चालवली, बॉनेट न उघडता पंधरा मिनिटं उभी केली, चावी फिरवली. चालू झाली. पुन्हा सगळं तेच. पुन्हा चालू. काका माझ्याकडे बघायला लागले. तिसऱ्या वेळी "टक्". बॅटरीवर १२.४ व्होल्ट, आणि सोलेनॉइडला पोचत होते ७.६. मधले पावणेपाच व्होल्ट वाटेत कुठेतरी खर्च होत होते.

लोक इथे मल्टिमीटरची बीप वाजवून बघतात. बीप वाजली, वायर चांगली. पण हिशोब करा: समजा २० अँपिअर जातोय, तर चार व्होल्ट खायला ०.२ ओहम पुरतो. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स एवढा असू शकतो. बीप वाजणारच. करंट वाहत असताना, म्हणजे कुणीतरी चावी धरून ठेवलेली असताना, दोन टोकांमध्ये किती व्होल्ट पडतात ते मोजलं तरच खरं कळतं. जाड केबलला साधारण अर्धा व्होल्ट आणि अर्थिंगला ०.२ पर्यंत चालतं, त्यापुढे संशय घ्यायचा.

पुढचं काम सोपं होतं. वाट अर्ध्यात तोडत जायची. रिलेच्या आधी १२.१, रिलेच्या नंतर ७.९. म्हणजे ४.२ व्होल्ट एकट्या रिलेत. फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा रिले नेमका त्याच नंबरचा होता. दोघांची अदलाबदल केली, गाडी गरमच होती, लगेच उठली. जुना रिले उघडला तर आतले काँटॅक्ट काळे पडलेले. "टक्" आवाज तोच करत होता, आपलं काम केल्याचं नाटक करत. नवा अडीचशे रुपयांना मिळाला.

पण दुरुस्त झाली हे मानायचं कधी? नेहमीसारखं वापरून बघितलं असतं तर फेल होण्याचं प्रमाण १९ ला ५. पाच वेळा सलग चालू झाली तरी ते निव्वळ नशिबाने असण्याची शक्यता २० टक्क्यांच्या वर. गरम करून, पंधरा मिनिटं थांबवून बघितलं तर प्रमाण ८ ला ५, आणि सलग पाच वेळा नशिबाने चालू होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी. म्हणून रविवारी कोरेगाव-सातारा रस्त्यावर मी आणि बाबांनी तशा पाच फेऱ्या मारल्या. पेट्रोल गेलं, दोन ठिकाणी चहा झाला. पाचही वेळा पहिल्या चावीला उठली.

त्यानंतर दोन महिने झाले. बाबा अजूनही व्हॉइस नोट पाठवतात, आता फक्त "झाली" एवढंच म्हणतात. एक जादा रिले डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय.

तुमच्या गाडीचं असं काही असेल तर मलाही व्हॉइस नोट पाठवा. मात्र त्यात चावी फिरवतानाचा आवाज हवा, आणि गाडी किती चालून किती वेळ उभी होती ते सांगा. गाडीचा फोटो नको, त्यातून काही कळत नाही.