आधी लोकशाही, मग सदस्यत्व



 

युरोपीय संघात येऊ पाहणाऱ्या देशांसाठी असलेली लोकशाहीची अट हा या परिषदेचा विषय. वर्गात आपण ती 1993च्या कोपनहेगन निकषांपासून शिकवतो. मी मात्र 1962 पर्यंत मागे जाईन.

त्या वर्षी फेब्रुवारीत हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनने युरोपीय आर्थिक समुदायाकडे, म्हणजे आजच्या संघाच्या पूर्वरूपाकडे, अर्ज केला. त्या राजवटीला बाजारपेठ हवी होती, निवडणुका नको होत्या. जूनमध्ये युरोपीय चळवळीच्या म्युनिक अधिवेशनाला 118 स्पॅनिश प्रतिनिधी जमले. काही मायदेशातून आलेले, काही वर्षानुवर्षे परागंदा. यादवी युद्धात एकमेकांविरुद्ध उभे ठाकलेले लोकही त्यांत होते. राजेशाहीवादी आणि समाजवादी एका ठरावामागे उभे राहिले : लोकसंमतीचे शासन, मानवी हक्क, संपाचा अधिकार आणि राजकीय पक्षांना मोकळीक असल्याशिवाय कोणत्याही देशाला युरोपात सामील करून घेऊ नये. हे ते स्वतःच्या देशाबद्दल सांगत होते! परतणाऱ्या अनेकांपुढे सरकारने दोनच वाटा ठेवल्या : देशत्याग किंवा कॅनरी बेटांवर स्थानबद्धता.

म्हणूनच, ही अट बाहेरच्यांनी लादलेली आहे, हा आक्षेप मला मान्य नाही. तिच्यासाठी त्याच देशातल्या माणसांनी किंमत मोजली आहे. 1977च्या जूनमध्ये स्पेनमध्ये खुली निवडणूक झाली, जुलैत देशाने सदस्यत्वासाठी अर्ज केला आणि 1986 मध्ये तो सदस्य झाला.

पण आत आल्यावर लोकशाही खिळखिळी झाली तर? हंगेरी 2004 मध्ये सदस्य झाला. 2018 मध्ये युरोपीय संसदेने युरोपीय संघाच्या कराराच्या कलम 7 खाली त्याच्याविरुद्ध प्रक्रिया सुरू केली. मात्र या कलमाखाली सदस्य देशाचा मताधिकार स्थगित करण्याआधी गंभीर उल्लंघन झाल्याचा निर्णय बाकी सर्व देशांच्या एकमताने व्हावा लागतो, आणि तो रोखायला एका सरकारचा नकार पुरतो. प्रवेशाच्या वेळी इतकी कडक असलेली अट पुढे इतकी हतबल व्हावी, ही मला या संघाच्या रचनेतली सर्वांत मोठी उणीव वाटते.

निबंध वाचणाऱ्या तरुण अध्यापकांना माझी आग्रहाची विनंती आहे : कलम 7 मधली एकमताची अट राहावी की जावी, यावर आपले मत निःसंकोच मांडा.