बोली नको, शिल्लक सांगा

आज बोलायचं आहे ते जळगाव-धुळ्याच्या शाळांमधल्या, क्रीडा मंडळांमधल्या माझ्या कबड्डीच्या पोरापोरींशीच, आणि जरा रागावूनच बोलायचं आहे.

प्रो कबड्डीचा लिलाव झाला की दुसऱ्या दिवशी मैदानावर एकच विषय. कोण कितीला गेला? २०२५ मध्ये इराणचा शाडलुई गुजरातकडे २ कोटी २३ लाखांना गेला, देवांक दलाल बंगालकडे २ कोटी २० लाखांच्या वर गेला. हे आकडे पाचवीतल्या पोरालाही पाठ. मी विचारते, "बरं बाळा, मग गुजरातकडे उरले किती? आणि त्यांच्याकडे आधीचे कोण कोण होते?" की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. अरे, सामना सात जण खेळतात. बोली एकावर लागली, बाकीचे सहा कुठून येणार? हा प्रश्न तुम्ही विचारत नाही, हीच माझी तक्रार आहे. रेडिओवर मिळालेल्या दहा मिनिटांत मी पुन्हा पुन्हा तिथेच येणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आपल्या खानदेशात उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरतात. दादर, गहू, तूरडाळ, उडीद, तेलाचे डबे, वर्षाचा मसाला. पैसा ठरलेला असतो, कापसाचा म्हणा, केळीचा म्हणा, पगाराचा म्हणा. शहाणी बाई बाजारात जाण्याआधी घरातल्या कोठ्या उघडून बघते. डाळ किती उरली आहे, गव्हाला पोरकिडे तर लागले नाहीत ना, मागच्या वर्षीचे बिबडे डब्यात आहेत का. मग पिशवी उचलते. आणि जी बाई कोठी न बघता जाते, तिला दुकानात सुवासिक बासमती दिसतो. घेते बिचारी पोतंभर. श्रावण येईपर्यंत तेल संपतं, आणि नुसता बासमती काही फोडणीत घालता येत नाही.

लिलावाचं अगदी असंच आहे. आता दोन संघांचा हिशेब सांगते, तो नीट ऐका.

९ आणि १० ऑक्टोबर २०२३, मुंबई. दहाव्या हंगामाचा लिलाव. प्रत्येक संघाची पर्स, म्हणजे खर्चायची एकूण रक्कम, ५ कोटींची. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं, तोवरची सर्वांत मोठी बोली. त्याच लिलावात पुणेरी पलटणने शाडलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. म्हणजे दोघांनीही जवळपास निम्मी पर्स एकेका खेळाडूवर घातली. नियमाप्रमाणे संघात किमान १८ खेळाडू लागतात. टायटन्सच्या राहिलेल्या रकमेचे १७ भाग केले तर एकाच्या वाट्याला सरासरी चौदा लाख. पुण्याचे केले तर साडेपंधरा लाख. फरक किती? दीड लाखाचा.

आणि हंगामाच्या शेवटी काय झालं? १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा करंडक उचलला. टायटन्स २२ पैकी फक्त दोन सामने जिंकून तळाला राहिले. पवनने कसूर केली नाही हो. त्याने चढाईत दोनशेच्या वर गुण आणले, तेही रोज पाच-सहा जणांच्या घेऱ्यात शिरून. तो बाद झाला की त्याला परत आत आणणारी पकड मात्र संघात नव्हती. आपला गडी बाकावर बसला की त्याला जिवंत कोण करणार? कोपऱ्यातला आणि कव्हरचा गडीही ना!

मग पुण्याकडे वेगळं काय होतं? कोठ्या भरलेल्या होत्या. लिलावाआधीच त्यांनी असलम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते, संकेत सावंत, गौरव खत्री, अभिनेष नादराजन यांना राखून ठेवलं होतं. सात नावं झाली, मोजा. म्हणजे एक अख्खा संघ आधीच घरात होता. त्यातले बहुतेक 'यंग प्लेयर' म्हणून आलेले, माफक पैशांत, आणि तिथेच मुरलेले. आपण अंगणात खाट टाकून बिबडे-कुरडया वाळवतो ना, तसे. त्याला पैसा थोडा लागतो. पण पहाटे उठून चीक शिजवावा लागतो, उन्हात राखण करावी लागते, वारा सुटला की धावावं लागतं. बाजारातून विकत आणणं सोपं, म्हणून सगळे बाजाराकडे पळतात.

असलम अहिल्यानगर जिल्ह्यातला, आकाश शिंदे आपल्या शेजारच्या नाशिकचा. लिलावाच्या दोनच दिवस आधी, ७ ऑक्टोबरला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला हरवून सुवर्णपदक घेतलं, त्या संघात हे दोघेही होते. आणि दहाव्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू कोण ठरला? २ कोटी ६० लाखांचा नाही, २ कोटी ३५ लाखांचाही नाही. असलम! शाडलुई पकडीत पहिला आला हे खरंच, ९९ गुण घेतले त्याने. पण तो भरल्या घरात आला होता. म्हणून मी असं म्हणत नाही की महाग खेळाडू घेऊ नये. महाग जरूर घ्यावा, पण घरात डाळ-तेल आहे का ते बघून.

आता तुमच्यातलाच कुणी म्हणेल, "मॅडम, एका वर्षावरून कसं ठरवायचं?" चला, आणखी बघू. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं आणि पहिल्याच हंगामात त्याने दोनशेच्या वर गुण मिळवले. आपल्या सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झाला. पुढच्या वर्षी यू मुंबाने त्याला सोडलं. तेव्हा आपल्याकडे केवढा राग होता लोकांना! टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना उचललं. पर्स होती ४ कोटी ४० लाखांची. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा एकावर. टायटन्स बारा संघांत अकरावे आले. यू मुंबाने फझल अत्राचलीभोवतीची पकड घट्ट ठेवली आणि उपांत्य फेरी गाठली. सिद्धार्थचा त्यात काय दोष? त्याच्यावर बोली लागली, त्याचं सोनं झालं, मला आनंदच आहे. दोष हिशेब मांडणाऱ्यांचा.

२०२२ चं उदाहरण तर याहून बोलकं आहे. तमिळ थलायवाजने पवनलाच २ कोटी २६ लाख ५० हजारांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. निम्म्याहून जास्त पर्स बाकावर बसली. तरी तो संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचला. कसा? नरेंदर कंडोला नावाच्या कोवळ्या पोराने २४३ गुण काढले. कुठून आला तो? बोलीतून नाही, 'न्यू यंग प्लेयर' म्हणून. परत तेच, घरचे बिबडे.

सातासमुद्रापलीकडेही हीच गोष्ट आहे. अमेरिकेत लांबट चेंडूचा फुटबॉल खेळतात, तिथे १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. २०२४ मध्ये ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. दर मार्चमध्ये ज्यांचे करार संपले ते खेळाडू मोकळे होतात आणि संघांची झुंबड उडते. डेन्व्हरच्या संघाने रसेल विल्सनशी २०२२ मध्ये २४ कोटी ५० लाख डॉलरचा नवा करार केला. दोन हंगामांत जमेना, म्हणून २०२४ च्या मार्चमध्ये त्याला सोडलं. पण तिथला नियम कडक. खेळाडू गेला तरी त्याला आगाऊ कबूल केलेला पैसा तुमच्या मर्यादेतून वजा होतच राहतो. दोन वर्षांत मिळून साडेआठ कोटी डॉलर! म्हणजे खाऊन संपलेल्या बासमतीची किराणावाल्याकडची उधारी, आणि यंदाचं भरण तिच्यातून उरलेल्या पैशात करायचं. तरीही त्याच वर्षी डेन्व्हर बाद फेरीत पोहोचलं, कारण बो निक्स नावाचा नवखा पोरगा नवख्याच पगारात उभा केला. आपल्या लीगमध्ये अशी लांबलचक उधारी नाही, हे आपलं नशीब. पण हिशेबाचा धडा एकच आहे.

काचेपलीकडून मला वेळेची खूण झाली आहे. फायनल बिड मॅचबद्दल सांगायचं होतं. म्हणजे आपला सोडलेला खेळाडू दुसऱ्याने लावलेल्या शेवटच्या बोलीला परत घ्यायची मुभा. त्यातही किती संघ भावनेच्या भरात जातात... ते असू दे, महत्त्वाचं ते आधी बोलते.

पोरांनो, हे सगळं मी संघमालकांसाठी सांगत नाही, तुमच्यासाठी सांगते आहे. सरावाला आलं की प्रत्येकाला चढाईच करायची असते. कोपऱ्यात उभं राहायला कुणी तयार नसतं. साखळी धरायला सांगितलं की तोंड वाकडं होतं. कारण तुम्ही दोन कोटींची बोली ऐकलेली असते. पण ज्या संघाने दोन कोटी एकावर घातले, त्याला त्याच संध्याकाळी काय हवं असतं? नऊ लाखांचा, तेरा लाखांचा भरवशाचा डावा कोपरा. नऊ लाख ही ड गटाची पायाभूत किंमत, तेरा लाख क गटाची. लिलावाच्या दुसऱ्या दिवशी टीव्ही बंद करता ना तुम्ही? तेव्हाच ही खरेदी चालू असते. चढाईवाल्यांची रांग लांब आहे. घोट्याची पकड पक्की असलेला, हातातली साखळी न सोडणारा गडी मात्र शोधावा लागतो. पारोळ्याच्या, साक्रीच्या, चोपड्याच्या पोराला दार उघडेल ते इथून उघडण्याची शक्यता जास्त आहे.

आणि आईबापांनो, मंडळांच्या आप्पा-नानांनो, तुम्हालाही एक सांगते. मुलगा जिल्ह्याच्या संघात आला की लगेच "याचे किती येतील?" असं विचारू नका. तो कुठे उभा राहतो, त्याचा जोडीदार कोण, दोघं किती वर्षं एकत्र खेळत आहेत, हे विचारा. अकराव्या हंगामात हरियाणाने शाडलुईला २ कोटी ७ लाखांना घेतलं आणि करंडक जिंकला. लोक म्हणाले, शाडलुईने जिंकून दिला. पण जयदीप आणि राहुल ही पकडीची जोडी त्यांनी आधीपासून सांभाळली होती, आणि चढाईला आपल्या महाराष्ट्राचा शिवम पठारे होता, तोही तिथेच वाढलेला. पुन्हा भरलेली कोठी. मी म्हटलं होतं ना, फिरून तिथेच येणार.

पुढच्या लिलावाला वही घेऊन बसा. डावीकडे संघाचं नाव, त्यापुढे राखलेले खेळाडू, त्यापुढे शिल्लक रक्कम, आणि शेवटी कुठली जागा रिकामी आहे ते. उजवा कव्हर नाही, डावा कोपरा नाही, असं लिहा. प्रत्येक बोलीनंतर शिल्लक खोडून नवी लिहा. आकडे बोलायला लागतील. कुठला संघ हंगामात पुढे धापा टाकणार हे तुम्हाला लिलावाच्या रात्रीच बऱ्याच अंशी दिसेल. आणि स्वतःच्या शाळेच्या संघाचीही अशीच एक वही करा. तिथे पैसे नाहीत, पण कोण आहे आणि काय कमी आहे हे...

वेळ संपत आली. मुलींच्या कबड्डीवर मला बोलायचंच होतं. २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीने तीन महिला संघांची स्पर्धा झाली होती, स्टॉर्म क्वीन्सने ती जिंकली, आणि ती तिथेच थांबली. माझ्या मुलींना ना पर्स, ना शिल्लक. त्यांच्या हिशेबासाठी केंद्राने मला आणखी दहा मिनिटं द्यावीत, अशी इथूनच विनंती करते.