पाळी जातानाचं ताट

भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी कायमची जाते. युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. त्याच्या आगेमागे पोळ्या लाटता लाटता छातीतून वाफ वर चढते, चेहरा तापतो, पाठीवर ब्लाउज चिकटतो आणि थोड्या वेळानं थंडी वाजते. इस्ट्रोजेन उतरलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. जराशी ऊबही त्याला सोसत नाही.

मग खायचं काय नाही? कढत चहानं, ठेच्यानं काहींना वाफा येतात, काहींना मुळीच नाही. सरसकट पथ्य सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. वाफ कधी आली, आधी काय पोटात गेलं होतं, हे आठवडाभर कॅलेंडरवर टिपा. चहा कारण निघाला तर सोडू नका, निवू द्या. सोयाबीनचा बोलबाला फार, पण अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. आवडत असेल तर उसळ करा. त्याच्या गोळ्या मनानं घेऊ नका. वजन जास्त असेल तर ते उतरवल्यानं मात्र अनेकींच्या वाफा कमी होतात.

हाडांची झीज जाणवत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती सर्वांत वेगानं होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार या वयात रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. पेलाभर दुधातून २४० च्या आसपास मिळतं, नाचणीच्या एका भाकरीतून पावणेदोनशे. सोबत तिळाची चटणी घ्या.

आणि आपले उपवास! संकष्टी, सोमवार, एकादशी, दर वेळी साबुदाणा. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. खिचडीत सत्त्व असतं ते दाण्याच्या कुटाचं. उपवास मोडा असं मी म्हणत नाही. राजगिऱ्याची भाकरी आणि वाटीभर दही उपवासाला चालतंच की! घरातल्या सगळ्यांना वाढून उरलेलं दही आपलं, हा हिशेब तेवढा बदला.

पाळी जाता जाता अंगावरून जास्त जात असेल तर रक्त कमी होतं. तेव्हा जेवणावर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही. तासभर थांबा.

मात्र वर्षभर पाळी आली नाही आणि नंतर रक्ताचा डाग जरी दिसला, तरी तो आहाराचा प्रश्न नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.