रणांगणावर काय सापडतं?



‘ट्वायलाइट २०००’ नावाचा एक खेळ १९८४ मध्ये अमेरिकेत निघाला. तिसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बनी युरोपची राखरांगोळी झाली आहे, सैन्यांची शकलं उडाली आहेत आणि पोलंडमध्ये अडकलेली मूठभर सैनिकांची तुकडी जगायची धडपड करते आहे, अशी त्याची कल्पना. चार मित्र टेबलाभोवती बसून ते सैनिक होतात, एक जण सूत्रधार होतो. तुकडी उलटलेल्या ट्रकपाशी पोचली की सूत्रधार फासे टाकतो आणि तक्त्यात बघून सांगतो: अर्धा डबा डिझेल, बुटांचा जोड, औषधाची पेटी. या जगात पेट्रोल जवळपास संपलेलं असतं, गाड्या भट्टीत गाळलेल्या अल्कोहोलवर चालतात. त्यामुळे धड असलेली तांब्याची नळी बंदुकीइतकी मोलाची ठरते.

असे तक्ते आपल्याकडचीही मुलं हौसेनं बनवतात. त्यांना मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. रणांगणावरची वस्तू कशीही येऊन पडत नाही. कोण कुठल्या वाटेनं पळालं, किती घाईत पळालं, काय उचलणं त्याला जमलं नाही, यावर तिथे काय उरणार ते ठरतं. म्हणून प्रत्येक गावाचा तक्ता वेगळा.

जर्मनीतलं डॅन्यूबकाठचं रेगेन्सबर्ग घ्या. इ. स. १७९ मध्ये रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात इथे तिसऱ्या इटालिका सैन्यदलाची छावणी उभी राहिली. तिच्या उत्तर दरवाजाचे दगड आजही जुन्या शहरात उभे आहेत. पुढे २३ एप्रिल १८०९ ला नेपोलियननं तटाला शिड्या लावून हे शहर घेतलं. त्या दिवशी त्याच्या पायाला गोळीही लागली. ऑस्ट्रियन सैन्य नदी ओलांडून उत्तरेकडे हटलं आणि पुलापलीकडचं श्टाटआमहोफ जळालं. तेव्हा १८०९ चा तक्ता करणाऱ्यानं शिशाच्या गोळ्या, चकमकीचे दगड आणि गणवेशाची बटणं तटाच्या पायथ्याशी आणि पुलाच्या वाटेवर मांडावीत.

दुसऱ्या महायुद्धाचा तक्ता मात्र अगदी निराळा. १७ ऑगस्ट १९४३ ला १४६ अमेरिकन बॉम्बफेकी विमानं कर्टिस लमे यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडहून निघाली. शहराच्या पश्चिमेला प्रुफेनिंगमध्ये मेसरश्मिट कंपनीचा लढाऊ विमानांचा कारखाना होता, तो त्यांचं लक्ष्य. बॉम्ब टाकून ती परत न फिरता उत्तर आफ्रिकेत उतरली. २४ विमानं गेली, कारखान्यात सुमारे ४०० माणसं मेली. फेब्रुवारी १९४४ मध्ये पुन्हा हल्ले झाले. जुनं शहर बरंचसं वाचलं. एप्रिल १९४५ मध्ये जर्मन सैन्यानं स्वतःच बाराव्या शतकातल्या दगडी पुलाच्या कमानी उडवल्या. शहर न लढता सोपवा म्हणणारे कॅथीड्रलचे धर्मोपदेशक योहान मायर यांना २४ एप्रिलला फासावर लटकवलं. पण तीनच दिवसांनी शहर लढाईविना अमेरिकनांच्या हाती गेलं. गल्लीबोळांत लढाई झालीच नाही, तर गल्लीत काडतुसांचा खच कुठून येणार? माघारीच्या रस्त्यावर टाकून दिलेली वाहनं मांडा, आणि कारखान्याच्या परिसरात जमिनीखाली न फुटलेले बॉम्ब.

या बॉम्बबद्दल जरा सविस्तर सांगतो. दोस्तांच्या काही बॉम्बमध्ये उशिरा फुटणारा रासायनिक फ्यूज असे. आत ॲसिटोनची काचेची कुपी. बॉम्ब सुटला की ती फुटायची, ॲसिटोन सेल्युलॉइडच्या चकत्या विरघळवायचा, चकत्या गेल्या की स्प्रिंगनं ताणलेली सुई सुटायची. काही तासांनी, कधी काही दिवसांनी स्फोट, म्हणजे आग विझवायला आलेली माणसंही सापडावीत. पण मऊ मातीत शिरलेला बॉम्ब पुष्कळदा वळतो आणि नाक वर करून थांबतो. मग ॲसिटोन चकत्यांपासून दूर ओघळतो, नुसती वाफ त्यांना लागते. चकत्या अर्धवट खाल्ल्या जातात आणि पुढे वर्षानुवर्षं ठिसूळ होत राहतात. सुई मात्र ताणलेलीच. तो बॉम्ब आज १९४५ पेक्षा जास्त धोकादायक आहे, हात न लावताही फुटू शकतो. २०१० मध्ये ग्योटिंगेनला बॉम्ब निकामी करायच्या तयारीत असलेली तीन अनुभवी माणसं अशाच स्फोटात गेली.

म्हणून जर्मनीत पाया खणण्याआधी युद्धकाळातली हवाई छायाचित्रं तपासतात. मोठ्या खड्ड्यांच्या रांगेत एखादंच बारीक भोक दिसलं, तर तिथे बॉम्ब आत गेला पण फुटला नाही, अशी शंका घेतात. मग धातुशोधक यंत्र, मग वस्ती रिकामी करणं. २०१६ च्या नाताळात आउग्सबुर्गमध्ये एका ब्रिटिश बॉम्बसाठी ५४ हजार लोकांना घरं सोडावी लागली.

आणि हे सगळं परदेशातलंच आहे असं समजू नका. नगरजवळच्या के. के. रेंजसारख्या सराव-मैदानांभोवती पितळ-तांब्याच्या भंगारासाठी न फुटलेले गोळे उचलणारी माणसं आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. चार पैशांच्या धातूसाठी माणसं हा धोका पत्करतात, कारण त्यांच्यापुढे दुसरी मजुरी नसते. मला याचा फार त्रास होतो.

तर तक्ता करणाऱ्या मित्रांनो, त्यात गंजलेल्या गोळ्याचीही एक ओळ ठेवा. ‘सापडला’ म्हणून कुणाच्या पिशवीत टाकू नका. खेळाडूंना विचारा: खूण करून लांब जाता, की तांब्याचा पट्टा काढायला बसता? बसणाऱ्यासाठी पुन्हा फासे टाका आणि पुढच्या गावातल्या पोरांना तिथून कोण दूर ठेवणार, तेही त्याच वेळी ठरवायला लावा.