प्रथिनांच्या याद्या आणि त्यांची तुलना

पेशीत किंवा ऊतीत एखाद्या वेळी कोणती प्रथिने आहेत आणि ती किती प्रमाणात आहेत, याचा एकत्रित अभ्यास करणाऱ्या शास्त्राला प्रोटिओमिक्स म्हणतात. या शास्त्रातील महत्त्वाचे प्रश्न बहुधा तुलनेचे असतात: निरोगी यकृतात न आढळणारे कोणते प्रथिन रोगट यकृतात आढळते, किंवा औषध दिल्यावर कोणते ओसरते. दोन नमुन्यांतील प्रथिनांच्या याद्या शेजारी ठेवल्या की उत्तर हाती येईल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या याद्या कशा तयार होतात हे पाहिले, की अशी तुलना किती फसवी ठरू शकते हे ध्यानात येते.

अखंड प्रथिने ओळखणे अवघड असल्यामुळे ट्रिप्सिन नावाच्या विकराने त्यांचे तुकडे केले जातात. हे विकर प्रथिनाची साखळी लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमायनो आम्लांपाशी तोडते, आणि त्यातून निघणाऱ्या लहान साखळ्यांना पेप्टाइड म्हणतात. मास स्पेक्ट्रोमीटर हे उपकरण या पेप्टाइडांचे वस्तुमान मोजते, त्यांतील काही निवडून पुन्हा फोडते, आणि त्या सूक्ष्म तुकड्यांच्या वस्तुमानांचा आलेख संगणक ज्ञात प्रथिनांच्या साठ्याशी पडताळून पाहतो. म्हणजे प्रत्यक्ष दिसतात ती पेप्टाइडे, आणि प्रथिनाचे नाव हा त्यांवरून काढलेला निष्कर्ष असतो.

हा निष्कर्ष नेहमी एकाच नावाशी पोहोचत नाही. मानवी पेशींतील बीटा अ‍ॅक्टिन आणि गॅमा अ‍ॅक्टिन या दोन प्रथिनांत प्रत्येकी 375 अमायनो आम्ले असतात आणि त्यांपैकी केवळ चार वेगळी असतात, तीही साखळीच्या आरंभाजवळ. आरंभाचे पेप्टाइड सापडले नाही, तर उरलेल्या पुराव्यावरून दोघांत फरक करता येत नाही. मग एका नमुन्याच्या यादीत बीटा आणि दुसऱ्याच्या यादीत गॅमा लिहिले गेले, तर मुळात नसलेला भेद कागदावर उमटतो. म्हणूनच सामायिक पेप्टाइडांची प्रथिने एका गटात ठेवण्याची आणि सर्व नमुन्यांसाठी तोच गट कायम राखण्याची पद्धत आहे.

यादीत नाव नसणे म्हणजे नमुन्यात प्रथिन नसणे, असेही नव्हे. रुळलेल्या पद्धतीत उपकरण त्या त्या क्षणी सर्वांत ठळक दिसणारी पेप्टाइडे फोडण्यासाठी निवडते, त्यामुळे अल्प प्रमाणातील पेप्टाइडाची निवड एका फेरीत होते आणि दुसऱ्या फेरीत हुकते. एकच नमुना दोनदा तपासला तरी याद्या तंतोतंत जुळत नाहीत. रक्तद्रवात ही अडचण फार तीव्र होते, कारण तेथील सुमारे निम्मे प्रथिन एकट्या अल्ब्युमिनचे असते आणि इंटरल्यूकिन-6 सारखे संदेशवाहक प्रथिन त्याच्या अब्जांश भागाहूनही कमी असते.

सर्वांत गंभीर अडचण मात्र चुकांच्या बेरजेची आहे. आलेखाची जुळणी योगायोगानेही होऊ शकते, म्हणून प्रथिनांच्या साखळ्या उलट्या लिहून मुद्दाम खोटी नावे साठ्यात मिसळतात आणि त्यांच्याशी किती जुळण्या होतात यावरून चुकांचे प्रमाण अजमावतात. ते सहसा एक टक्क्यापर्यंत चालवून घेतले जाते. समजा, दहा नमुन्यांत प्रत्येकी 3,000 प्रथिने ओळखली गेली, तर प्रत्येक यादीत सुमारे 30 नावे चुकीची असतील. खरी प्रथिने नमुन्यामागून नमुन्यात पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे एकत्रित यादीत ती कदाचित 4,000 होतील. चुकीची नावे मात्र योगायोगाने आलेली असल्यामुळे प्रत्येक वेळी बहुधा निराळी असतात, आणि त्यांची बेरीज 300 च्या घरात जाते. एक टक्क्याची चूक अशी सात टक्क्यांवर पोहोचते, तीही प्रत्येक यादी स्वतंत्रपणे निर्दोष पद्धतीने केलेली असताना.

या धोक्याचे ठळक उदाहरण 2014 मध्ये दिसले. त्या वर्षी ‘नेचर’ नियतकालिकात मानवी प्रथिनसंचाचे दोन आराखडे प्रसिद्ध झाले. त्यांपैकी बंगळूरची इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फॉर्मेटिक्स आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात प्रौढांच्या 17 ऊती, गर्भाच्या 7 ऊती आणि रक्तपेशींचे 6 प्रकार तपासून 17,294 जनुकांची प्रथिने नोंदवली होती. हे काम भव्य होते आणि त्याचे मोल आजही कमी नाही. तथापि दोन्ही आराखड्यांत गंध ओळखणारी ग्राही प्रथिने मोठ्या संख्येने आढळल्याचे इतर संशोधकांनी त्याच वर्षी दाखवून दिले, आणि नाकाची ऊती तर कोणत्याही अभ्यासात तपासलेलीच नव्हती. पुढे मानवी प्रथिनसंच प्रकल्पाने नव्या प्रथिनाच्या दाव्यासाठी किमान नऊ अमायनो आम्लांची, केवळ त्याच प्रथिनाची अशी दोन पेप्टाइडे आवश्यक ठरवली.

तुलनेची ग्राह्य रीत यातूनच निघते. तयार याद्या जोडण्याऐवजी सर्व नमुन्यांचे मूळ आलेख एकत्र तपासावेत, चुकांचे प्रमाण संपूर्ण संचासाठी आणि प्रथिनांच्या पातळीवर ठरवावे, आणि त्यानंतरच कोणत्या नमुन्यात कोणत्या प्रथिनाचा किती पुरावा आहे हे पाहावे. एका नमुन्यात ओळखलेले पेप्टाइड दुसऱ्यात त्याच वस्तुमानाला आणि पेप्टाइडे वेगळी करणाऱ्या स्तंभातून बाहेर पडण्याच्या त्याच वेळेला शोधता येते. तेथे त्याची खूण क्षीण असली तरी ती मोजता येते, आणि मग ‘आहे की नाही’ या प्रश्नाची जागा ‘किती आहे’ हा अधिक उपयुक्त प्रश्न घेतो.