सामाईक बंधारा आणि संगणक

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी शेतकऱ्यांनी शतकानुशतके फड पद्धती चालविली. बंधारा सामाईक, पिकाचा निर्णय सामुदायिक. पाणी पाटकरी देई, राखण जागल्या करी. मालकीबरोबर देखभालीचा भारही गावानेच उचलला.

आज पाण्याइतकाच प्रश्न माहितीचा आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने गुजरातेत तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जीच्या सेवा अचानक बंद केल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. मग सेवा सुरू झाल्या. बड्या भांडवलाची ही गत, तर जळगाव-धुळ्याच्या पतपेढ्यांनी कोणाच्या भरवशावर राहावे?

लिनक्ससारखी मुक्त प्रणाली विनामूल्य मिळते; सभासदांच्या नोंदी स्वतःच्या कचेरीतील संगणकावर ठेवता येतात. परंतु मुक्त म्हणजे आपोआप सुरक्षित नव्हे. प्रणालीतील दुरुस्त्या वेळेवर बसविणे, पासवर्ड जपणे, नोंदींची प्रत अन्यत्र ठेवणे आणि ती पुन्हा उघडते की नाही हे तपासणे, ही आजच्या जागल्याची कामे होत. म्हणून संस्थांनी संगणक खरेदीच्या ठरावाआधी जागल्या नेमण्याचा ठराव करावा.