टर्बो गाडीचे इंजिन ऑइल

टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो.
त्याला फिरवतो इंजिनातला तप्त धूर.
इंजिन ऑइल या दांड्याला वंगण देते,
आणि थंडही ठेवते.

म्हणूनच, श्रोतेहो, ऑइलची निवड महत्त्वाची.

चाकणला बनणाऱ्या स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या टर्बो गाड्यांचेच उदाहरण घेता येईल.
ऑइलच्या डब्यावर दोन गोष्टी पाहाव्यात.
पहिली, दाटपणाची ग्रेड.
दुसरी, गाडीच्या कंपनीची मान्यता.
ग्रेड जुळली, तरी मान्यता जुळतेच असे नाही.
दोन्ही गोष्टी गाडीच्या माहितीपुस्तिकेवरून ताडून घ्याव्यात.

शिरगावहून अंबरनाथ, उल्हासनगरकडे जाताना
गर्दीत गाडी थांबत-थांबत चालते.
अशा वापरात ऑइल लवकर खराब होते.
ते वेळेवर बदलावे.

थोडक्यात,
ग्रेडही पाहावी,
मान्यताही पाहावी.